करंगळी

लाडक्या चिऊ,

अनेक आशीर्वाद. रविवारी फोनवर तू आवाज एकदम बारीक करून म्हणालीस, "पेपरच्या दिवशी मी सकाळपासून पाणीच पीत नाही, सुटल्यावर पिते." वॉर्डनबाई शेजारीच असणार, म्हणून मी खोदून विचारलं नाही. पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

पूर्वपरीक्षेत फिजिक्सच्या पेपरला तू दोनदा उठलीस, दुसऱ्यांदा सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, मागच्या मुली हसल्या. त्यावर तू काढलेला तोडगा म्हणजे पाणी बंद. बाई गं, सायन्सला आहेस ना? मग हिशेब कर. मूत्रपिंडं एरवी मिनिटाला साधारण एक-दोन मिलिलिटर लघवी तयार करतात. हॉलमध्ये शिरण्याआधी तू जाऊन आली होतीस आणि वीस मिनिटांत परत लागली. किती साठलं असेल तोवर? वीस मिलिलिटर, फार तर चाळीस. चहा पिऊन कपाच्या तळाशी उरतो ना, तेवढं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात तीनशे-चारशे सहज मावतं आणि पहिली जाणीवच दीडशे-दोनशेच्या आसपास होते. पिशवी जवळजवळ रिकामी असताना तुला लागली होती. मग पाण्याने काय घोडं मारलंय?

मी पडले मराठीची. आपली भाषा हे कधीपासून सांगतेय, पोटात गोळा येतो, पोटात ढवळतं, घाबरून माणसाची पातळ होते. पण कारण हवं म्हणून आमच्या विज्ञानाच्या मॅडमना स्टाफरूममध्ये गाठलं. त्या म्हणाल्या, मूत्राशयाकडून मेंदूला निरोप सतत जात असतात आणि मेंदूचा पुढचा भाग त्यांना "थांब जरा" म्हणून गप्प बसवतो. भीती वाटली की सगळं शरीर कान टवकारतं. एरवी जाणवलाही नसता असा निरोप मग मोठ्याने ऐकू येतो. त्यात आपण ओटीपोट आवळून बसतो, तो दाब वेगळाच. गंमत म्हणजे भीतीच्या वेळी जागी होणारी मज्जासंस्था मूत्राशयाला खरं तर सैल सोडते, म्हणजे तेव्हा उलट जास्त मावायला हवं! तरी लागते.

पोटाचं आणखी विचित्र. भीतीत जठर मंदावतं, म्हणून पेपरच्या सकाळी तुझ्या घशाखाली घास उतरत नाही. आणि त्याच वेळी मेंदूतून निघालेली ताणाची संप्रेरकं मोठ्या आतड्याला पळवतात. वर सगळं ठप्प आणि खाली घाई. अमेरिकेत हार्वर्डला वॉल्टर कॅनन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी होता. क्ष-किरणांचा शोध लागला 1895 साली, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच तो मांजरांना क्ष-किरणांत उठून दिसेल असं औषध कालवलेलं अन्न खायला घालून त्यांचं पोट कसं हलतं ते बघायला लागला होता. मांजर बिथरलं की जठराच्या लाटा थांबायच्या, शांत झालं की पुन्हा सुरू. त्या मांजरांना कुठे बोर्डाचा पेपर होता? तुझं पोट तुझ्या अभ्यासावर शेरा मारत नाहीये, एवढंच मला म्हणायचंय.

आणि हसणाऱ्या मुलींचं म्हणशील, तर मी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला उभी असते. इतकी वर्षं सुपरव्हिजन केलंय. पेपर वाटून झाले की पहिल्या अर्ध्या तासात करंगळ्या वर येतात. एक आली की पाठोपाठ दुसरी, जांभईसारखी. त्यात पहिल्या नंबरातली मुलंही असतात. गेल्या वर्षी बीजगणिताच्या पेपरला एक मुलगा बराच वेळ कंपासपेटीचं झाकण उघडत-मिटत होता. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "जायचंय का रे?" त्याने मान हलवली ती इतकी जोरात, की पेन्सिल खाली पडली. शिपाईमामांबरोबर गेला, चार मिनिटांत आला आणि नंतर सुटेपर्यंत मान वर केली नाही. चार मिनिटं!

मी मात्र माझ्या दहावीला बसून राहिले होते. भूमितीचा पेपर. विचारलं तर पर्यवेक्षक म्हणाले, "आत्ताच तर आलीस." पुन्हा विचारायची लाज वाटली. पाय आवळून प्रमेय लिहायला घेतलं आणि एकच ओळ तीनदा लिहिली. शेवटी सोडलं तर सलवारीच्या नाडीला निरगाठ! त्या काळोख्या मुतारीत नखांनी गाठ सोडवत रडले होते मी. पुढची रचना राहिलीच. तुझ्या बाबांनाही हे ठाऊक नाही.

तर आता ऐक. साडेदहाला हॉलमध्ये बसायचं, दोन वाजून दहा मिनिटांनी सुटायचं. इतका वेळ, तेही मार्चच्या उन्हाळ्यात, कोरडं राहिलीस तर डोकं दुखेल. लघवी गडद होऊन जळजळेल ते वेगळंच. सकाळभर घोट घोट पाणी पी, फक्त निघताना गटागटा बाटली संपवू नकोस. चहा एकच कप. आठच्या आत थोडे पोहे खाच, भूक नसली तरी. पोटात अन्न पडलं की आतडं हलतं, म्हणजे काय व्हायचं ते हॉस्टेलवरच होऊन जाईल. सव्वादहाला एकदा जाऊन ये. एकदाच! उगाच चार-चारदा गेलं की थोड्यालाही लागायची सवय होते.

पेपर हातात आल्यावर लागली तर आधी सोप्यातलं एक लिहून टाक आणि श्वास सावकाश सोड. बऱ्याचदा ती लाट ओसरते. नाही ओसरली तर करंगळी वर. आठ्या पडल्या तर पडू देत. आणि सीईटीला एसी लॅब असेल तर अंगावर काहीतरी जाडसर घे. थंडीत कातडीकडचं रक्त आत सरकतं आणि तेव्हा मात्र लघवी खरंच जास्त तयार होते.

जळजळ किंवा कणकण वाटली, तर पेपर आहे म्हणून लपवू नकोस, वॉर्डनबाईंना सांग आणि डॉक्टरकडे जा.

शनिवारी बाबा येतील, त्यांच्याजवळ डबा देतेय. खाली पिशवीत युनिफॉर्मच्या दोन्ही जास्तीच्या सलवारी आहेत. नाड्या काढून इलॅस्टिक घातलंय. घालून बघ, कमरेला घट्ट होत असेल तर लगेच सांग.

तुझी,
आई