आमदार साहेब, तुम्ही तिसऱ्या महिन्यात आलात

मा. आमदार साहेब,
स. न. वि. वि.

माझे यजमान हवालदार होते. रात्रीच्या नाकाबंदीत भरधाव ट्रकनं त्यांना उडवलं. पहिले दहा दिवस घरात माणूस मावत नव्हतं, नंतर दाराशी कोणी फिरकेना. तुम्ही तिसऱ्या महिन्यात आलात, गाडी खालच्या आळीला लावून, चालत. ओट्यावर सासूबाईंशेजारी बसलात, खुंटीवरच्या टोपीकडे बघून विचारलंत, "आक्का, ड्युटीवरनं आला की पहिलं काय करायचा?"

"बूट न काढता गोठ्यात जायचा," त्या म्हणाल्या. लेकाबद्दल न रडता बोलल्या त्या दिवशी पहिल्यांदाच.

मुलाच्या अनुकंपा नोकरीची फाईल एका कार्यालयात सात महिने पडून होती. दर खेपेला नवा दाखला मागायचे. तुम्ही कारकुनासमोर बसून उरलेल्या कागदांची यादी एकदाच लिहून घेतलीत. अधिवेशनात पोलीस वसाहतीच्या गळक्या खोल्यांवर लक्षवेधी मांडलीत. पालखीला लोणंद-फलटणात, पौषात मांढरदेवला बंदोबस्त करून आलेला माणूस घरी पातेली मांडून झोपतो, हे कोणीतरी सभागृहात सांगायला हवं होतं.

१९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात १० पोलीस जवान गेले, त्यांच्या आठवणीत २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन पाळतात. वर्षभरात देशात कर्तव्यावर असताना प्राण गेलेल्यांची नावं त्या दिवशी वाचतात. साताऱ्याच्या मैदानावर ह्यांचं नाव आलं तेव्हा माझे पाय लटपटले. तुम्ही खुर्ची सोडून आम्हा बायकांच्या रांगेत येऊन उभे होतात, शेवटचं नाव होईपर्यंत.

आमच्या जावळीतल्या केडंब्याच्या तुकाराम ओंबळे यांना सगळा देश ओळखतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तेही नाकाबंदीवरच होते. अंगावर गोळ्या झेलल्या, पण कसाबची बंदूक सोडली नाही. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांच्यावरच्या भाषणातच तुम्ही ह्यांचंही नाव घेतलंत, बक्कल नंबरासकट. तो नंबर मला पाठ आहे. तुम्हालाही असेल, असं वाटलं नव्हतं.

मुलगा रुजू झाला. पहिल्या पगारात आजीला लुगडं आणलं.

सासूबाईंचा निरोप आहे: भात झोडून झालंय, नव्या तांदळाची भाकरी खायला या. गाडी मात्र खालीच लावा, गोठ्यातलं वासरू नवं आहे, बुजतं.

आपली,
मेढ्याची एक बहीण