रेव्हल ग्रोव्हमधली माणसं

एलिकॉट सिटी, मेरीलँड
५ नोव्हेंबर

प्रिय शुभा,

परवा फोनवर तू विचारलंस, "या वयात ते घागरे-बिगरे घालून तू जातेस कुठं, आणि दिवसभर करता तरी काय?" पाच मिनिटांत सांगून संपण्यासारखं ते नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलेय. यंदाचा हंगाम आत्ताच संपलाय. धुतलेले पोशाख अजून दोरीवर वाळताहेत, त्यामुळे सगळं ताजं आहे.

इथून जवळ, ॲनापोलिसच्या अलीकडे क्राउन्सव्हिल आहे. तिथल्या झाडीत लाकडी घरांचं एक गाव उभं केलंय, त्याचं नाव रेव्हल ग्रोव्ह. एरवी ते ओसाड असतं. ऑगस्टच्या अखेरीला फाटक उघडतं आणि ऑक्टोबरपर्यंत दर शनिवार-रविवारी तिथं इंग्लंडचा सोळाव्या शतकातला राजा आठवा हेन्री राज्य करतो. हा मेरीलँडचा रेनेसान्स फेस्टिव्हल, म्हणजे त्या काळाचं सोंग घेतलेली जत्रा. १९७७ मध्ये सुरू झाला, या जागेवर १९८५ पासून भरतो. राजाची स्वारी गल्लीतून जाते, लोहाराची भट्टी पेटलेली असते, कोणी काच फुंकत असतो, कोणी चाकावर मडकी घडवत असतो. मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे राजाची गोष्ट वर्षागणिक पुढं सरकते. काही हंगाम ॲरागॉनची कॅथरीन राणी असते, मग दरबारात ॲन बोलीन दिसू लागते. तीही राणी होणार आणि पुढं हेन्री तिचा शिरच्छेद करवणार, हे आम्हा नेहमीच्या लोकांना ठाऊक असतं. तरी ती रस्त्यात हसून लहान मुलांशी बोलताना दिसली की पोटात कालवतं.

अशा जत्रा आता अमेरिकेत ठिकठिकाणी भरतात. पहिली भरली ती १९६३ च्या मे महिन्यात, लॉस एंजेलिसला. फिलिस पॅटरसन नावाची शिक्षिका होती, घराच्या मागच्या अंगणात मुलांची नाटकं बसवायची. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं एका रेडिओ केंद्राला मदत म्हणून दोन दिवसांची जत्रा भरवली. आठेक हजार माणसं आली म्हणतात. एका बाईच्या अंगणातून हे सगळं उगवलं, याचं मला फार कौतुक आहे.

आता माणसांबद्दल सांगते, कारण मी जाते ती माणसांसाठी.

मी पहिल्यांदा गेले ती साध्या कपड्यांत, सहज बघायला. गाड्या लावायला मोठं कुरण आहे. माझ्या शेजारच्या गाडीपाशी एक बाई पाठीवरची नाडी आवळायची खटपट करत होती. एकटीच होती. मला पाहून म्हणाली, "गुड मॉरो! जरा हात लावता का?" मी गेले. त्या घट्ट अंगीला, म्हणजे बॉडिसला, मागं दोन्ही कडांना हातानं विणलेली काजं असतात. एकच लांब नाडी खालून वर नागमोडी ओवत न्यायची, प्रत्येक काजाला थोडी ओढायची आणि मग पुन्हा खालून वर आवळत यायचं. एका दमात कधी ओढायची नाही. तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या: "आवळताना मला पोटभर श्वास घेऊ दे, म्हणजे दिवसभर घेता येईल," आणि "बूट नेहमी आधी घालायचे, नंतर वाकता येत नाही." शेवटची गाठ मारली आणि आम्ही फाटकाकडे बरोबरच निघालो. त्या दिवसापासून आजपर्यंत आम्ही बरोबरच आहोत.

ती नर्स आहे, रात्रपाळी करते, हे मला पुढच्या हंगामात कळलं. तिचं आडनाव तर त्याच्याही नंतर. शुभा, यात काय सुख आहे ते तुला कसं सांगू! या देशात नवा माणूस भेटला की दुसरा प्रश्न असतो, "तुम्ही काय करता?" आपल्या महाराष्ट्र मंडळात माझी जिवाभावाची माणसं आहेत, पण तिथंही गाव कुठलं, मुलं कुठल्या कॉलेजात, घर कधी घेतलं, हे आधी होतं. रेव्हल ग्रोव्हमध्ये विचारतात, "यंदा काय शिवलंस?" तिथं मी कुणाची बायको नसते, कुणाची आई नसते, कुठल्या कंपनीतली नसते. माझ्या हातच्या टाक्यावरून मला ओळखतात.

हळूहळू आमचं एक टोळकं जमलं. ती नर्स, इतिहास शिकवणारा एक मास्तर, जो समुद्री चाचा बनून येतो, इथंच भेटून लग्न केलेलं एक तरुण जोडपं, आणि चामड्याचे पट्टे-बटवे करणारे एक सत्तरीचे आजोबा. आजोबांचं इथं छोटं दुकान आहे. त्यांच्यासारखे कारागीर फिरतीवर असतात, इथला हंगाम संपला की कुणी टेक्सासला, कुणी फेब्रुवारीत ॲरिझोनाला. या फिरत्या माणसांना 'रेनी' म्हणतात. हंगामाचा पहिला शनिवार आमचा फक्त बोलण्यात जातो. गौरीला माहेरी जमलेल्या बहिणी वर्षभराचं साठलेलं बोलतात ना, अगदी तसा. आणि खरोखरच गणपतीही त्याच सुमारास येतात, त्यामुळे आमच्या टोळक्याला आता उकडीचे मोदक चांगलेच ठाऊक झालेत. आजोबा त्यावर तूप मागून घेतात.

खेळ कितीतरी असतात. प्रत्येक खेळ संपला की कलाकार टोपी फिरवतो, त्यावर त्याचं घर चालतं. हात आखडता घ्यायचा नाही, असा आमचा नियम आहे. जॉनी फॉक्स नावाचा तलवार गिळणारा इथं तीस वर्षांहून जास्त काळ खेळ करत होता. मी त्याला पाहिलंय. अख्खं पातं घशात उतरलेलं असताना हजार माणसं चिडीचूप बसलेली असायची. २०१७ साली तो गेला. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्याला पाहिलेले लोक आता आपल्या पोरांना त्याच्याबद्दल सांगतात.

घोड्यावरच्या भाल्यांच्या झुंजी, म्हणजे जाउस्टिंग, तुला बघायलाच हव्यात. घोडे समोरासमोर दौडत येतात, मधे फळ्यांचं कुंपण, आणि भाला ढालीवर फुटला की सगळे "हझा!" करून ओरडतात. मेरीलँडनं १९६२ मध्ये जाउस्टिंगला राज्याचा अधिकृत खेळ ठरवलंय. गावोगावच्या स्पर्धांत मात्र झुंज नसते. टांगलेल्या कड्या दौडत्या घोड्यावरून भाल्याच्या टोकात ओवायच्या असतात. सगळ्यात लहान कडी पाव इंचाची, करंगळीही शिरणार नाही इतकी. मास्तर आम्हाला मुद्दाम एका गावी घेऊन गेले होते. राजेशाही थाट काही नव्हता, शेतकरी कुटुंबं, आजी-आजोबा, पोरं. मला ते फार भावलं.

काही लोक नाक मुरडतात की इथं चाचे, पऱ्या आणि व्हायकिंग एकाच गल्लीत फिरतात, हा कसला इतिहास! मला ते पटत नाही. ज्याला अभ्यास करायचाय तो इथून पुस्तकांकडे जातोच. माझंच बघ. हेन्री गादीवर आला १५०९ मध्ये, आणि १५१० मध्ये अल्बुकर्कनं गोवा घेतला. हे लक्षात आल्यावर मला माझं सोंग सापडलं: मी गोव्याच्या मिरी-व्यापाऱ्याची बायको, लिस्बनमार्गे लंडनला आलेली. नऊवारी, नथ, आणि वर खणाचा बॉडिस. खरी अशी कोणी हेन्रीच्या दरबारी गेली होती, असं मी म्हणत नाही. पण आजोबांनी मला कमरेला बांधायचा चामडी बटवा करून दिलाय. त्यात काळे मिरे आणि दालचिनी असते. मुलं जवळ आली की एक मिरा दगडावर चेचून त्यांच्या तळहातावर ठेवते आणि सांगते, यासाठी माणसं समुद्र ओलांडून गेली. यंदा एक मुलगी तो हुंगून शिंकली आणि मग आईला ओढत पुन्हा घेऊन आली, तिलाही वास देण्यासाठी.

२०२० मध्ये जत्रा भरलीच नाही. कारागिरांचं वर्षाचं उत्पन्न बुडालं. तेव्हा आमच्या टोळक्यानं ठरवलं की सणावाराच्या सगळ्या भेटी त्यांच्याकडूनच घ्यायच्या. आमच्या घरी त्या दिवाळीला सगळ्यांना आजोबांचेच पट्टे मिळाले. सप्टेंबरात नर्सच्या अंगणात लांब लांब खुर्च्या टाकून आम्ही पूर्ण पोशाखात बसलो. दवाखान्यातल्या त्या भयंकर महिन्यांबद्दल ती तिथं पहिल्यांदा बोलली.

आणि ह्यांची बायपास झाली तेव्हा? मुलं दूर, मला रात्री गाडी चालवायची भीती. नर्स पाळी संपवून यायची आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला सोप्या भाषेत समजावून सांगायची. तरुण जोडप्यानं अंगणातला बर्फ काढला. मास्तर ह्यांच्याशी बुद्धिबळ खेळायला यायचे. ह्यांनी तोवर जत्रेत पाऊलही टाकलं नव्हतं. आता तेही येतात, दुपारभर आजोबांच्या दुकानात बसून चामड्याला भोकं पाडत असतात.

तू पुढच्या सप्टेंबरात लेकीकडे न्यू जर्सीला येणार आहेस. त्यातला एक शनिवार-रविवार माझा, हे आत्ताच तिला सांगून ठेव. येताना लक्ष्मी रोडवरून खण आण, गर्द हिरवा किंवा वांगी रंगाचा. पन्हा अरुंद असतो, म्हणून अडीच मीटर घे. माप मात्र आधी पाठव: छाती, कंबर, आणि काखेपासून कंबरेपर्यंतची उंची. ब्लाउजवरून घेऊ नकोस, कुणाकडून तरी टेप लावून घे आणि घेताना पोट आत ओढू नकोस. काजं हातानं करायला मला वेळ लागतो, तेव्हा संक्रांतीच्या आत कळव. चालायला बसके, जुने झालेले बूट चालतील. नर्सला तुझ्याबद्दल सांगितलंय, तुझी नाडी तीच आवळणार म्हणतेय.

तुझी,
माधवी