अनाहुत

निपाणी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू कन्नडवरून मराठीत केलेली बातमी दोनदा वाचली. चांगली झालीय, पण एक ओळ डाचली. 'नदीकाठच्या गावांना प्रवाहाची भीती' असं लिहिलंयस. अगं, कन्नडमध्ये 'प्रवाह' म्हणजे पूर. मराठीत प्रवाह नदीला रोजचाच, त्याला कोण भिणार? ही ओळ वाचून कुणी गोठ्यातलं जनावर सोडायचं नाही. तिथं 'पूर'च पाहिजे.

असाच दुसरा शब्द 'अनाहुत'. माझं माहेर कागलकडचं, लग्न होऊन इथं आले तेव्हा कन्नडचा गंध नव्हता. २००५ च्या पावसाळ्यात वेदगंगा चढली. शेजारची अक्का पहाटे दारात ओरडली, "अनाहुत आगतैति!" मला वाटलं, न बोलावता कुणी पाहुणं आलंय. मी तिच्या पाठीमागं बघत राहिले आणि ती माझा दंड धरून ओढत होती. परड्यात पाणी शिरलं होतं. तू पाळण्यात होतीस. तेवढ्यानं दोन-चार मिनिटं गेली, ती मला अजून आठवतात.

संस्कृतात 'आहूत' म्हणजे बोलावलेला, 'अनाहूत' म्हणजे न बोलावलेला. मराठीनं तो पाहुण्याला आणि सल्ल्याला लावला, कन्नडनं थेट संकटाला. तिथं 'हु'ही ऱ्हस्व लिहितात. मला कन्नडचा अर्थ जास्त पटतो. पूर काय बोलावणं पाठवल्यावर येतो? पण मराठीत लिहिताना तू 'अनर्थ' लिही. 'भारी अनाहुत तप्पितु' म्हणजे 'मोठा अनर्थ टळला'. 'आपत्ती' सरकारी कागदाला ठीक, माणसाच्या तोंडी ती बसत नाही.

आणि 'अवांतर' जपून. शाळेत तू अवांतर वाचन करायचीस, पण कन्नड पेपरातलं 'मळे अवांतर' म्हणजे पावसानं उडवलेली दाणादाण.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं, तेव्हा मोबाईलवर कन्नडमधून निरोप येत होते. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ते मी दारोदार जाऊन मराठीत सांगितले. प्रत्येक शब्दाला थांबून विचार करत होते, कारण चुकले असते तर माणसं घरातच बसली असती.

ती ओळ आजच दुरुस्त करून घे. इकडं पावसानं धरलंय, नदी अजून पात्रात आहे.

तुझी,
आई