‘ल’ची पाकळी परत आली, ताई

ताई,

फोनवर ‘थँक्यू’ म्हणालो, पण तेवढ्यावर सुटका करून घेणं मला बरं वाटेना. म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्या वाचनालयाचा ऑनलाइन दिवाळी अंक वसुबारसेला लागला आणि तुमचा निरोप आला, “अंक छान आहे, पण तुमचे ल आणि श हिंदी वळणाचे का?” खरं सांगतो, मला वाटलं बाईंचा मोबाइल जुना असणार. माझ्या स्क्रीनवर तर पाकळीचा ल, देठाचा श, सगळं जागच्या जागी होतं. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फाँट मी त्यासाठीच निवडला होता.

मग तुमचा फोन. “तो फाँट तुमच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलाय का?” केला होता. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस फाइलमध्ये मीच आधी ‘लोकल’ (म्हणजे फाँट वाचकाच्याच कॉम्प्युटरवर असेल तर तोच वापर) आणि मग फाँटच्या फाइलचा पत्ता लिहिलेला. म्हणजे गावभर फाँट पोचत नव्हता आणि मी घरचाच बघून खूश!

तुम्ही माझ्या बायकोच्या लॅपटॉपवर एफ१२ दाबायला लावलंत, तशी ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडली. तिच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुकांच्या यादीत, लाल ओळ : सीओआरएस पॉलिसीमुळे ब्लॉक. म्हणजे, फाइल दुसऱ्या पत्त्यावरून येत असेल तर तिथल्या सर्व्हरची परवानगी हवी, ही ब्राउझरची अट. गंमत म्हणजे शेजारच्या नेटवर्कच्या यादीत फाइलपुढे २००, म्हणजे ‘फाइल मिळाली’, असं दिसत होतं. माल दारात आलेला, ब्राउझर आत घेत नव्हता. वेग वाढावा म्हणून मी चित्रं आणि फाँट वेगळ्या सबडोमेनवर हलवले होते. चित्रं दिसत होती, म्हणून फाँटवर संशयच गेला नाही. चित्रांना ही अट पहिल्यापासून नव्हती, फाँटला मात्र फायरफॉक्स ३.५ पासून, म्हणजे २००९ पासून आहे, हे तुमच्याकडून कळलं. दुसऱ्याने विकत घेतलेला फाँट परस्पर आपल्या साइटवर ओढू नये, ही फाँट करणाऱ्यांची काळजी त्यामागे होती. रास्तच आहे. पण माझाच फाँट, माझंच सबडोमेन! ब्राउझरला त्याचं काय? सबडोमेन बदललं की त्याच्या लेखी ओरिजिन, म्हणजे मूळ पत्ता, वेगळं.

सर्व्हरने ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ हे हेडर, म्हणजे कोणत्या साइटला परवानगी आहे ते सांगणारी ओळ, फाइलसोबत पाठवायला हवं, हे तुम्ही दोन मिनिटांत सांगितलंत. पुढचा तास माझ्या करामतींत गेला. मी साइटचा पत्ता लिहिला आणि शेवटी सवयीने एक तिरकी रेघ ओढली. झालं, जुळेना. रेघ पुसली, तर डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यूने येणाऱ्यांना चालेना. दोन पत्ते स्वल्पविराम देऊन लिहिले, तेही चालत नाहीत. तुम्ही एकदाही “अहो, मघाशीच सांगितलं ना” म्हणाला नाहीत. आमच्या घरात हे कुणाला जमलं नसतं.

शेवटी तुम्ही विचारलंत, “फाँटचा परवाना कोणता?” मुक्त परवाना आहे म्हटल्यावर “मग पत्त्याच्या जागी सरळ तारा (*) टाका, म्हणजे सगळ्यांनाच परवानगी. विकतचा असता तर टाकू दिला नसता.” फाइल सेव्ह केली, बायकोच्या लॅपटॉपवर पान रिफ्रेश केलं. ‘शिल्लक प्रती वाचनालयात मिळतील’ ही ओळ क्षणभर हिंदी वळणात दिसली आणि डोळ्यांदेखत ‘ल’ला पाकळी फुटली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि तुमच्याकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. तुमचं जेवण माझ्यामुळे राहिलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं.

पैशांचं नाव काढू नका म्हणालात, काढत नाही. छापील अंकाच्या दोन प्रती बांधून ठेवल्यात, पत्ता तेवढा कळवा.

तुमचा,
वाचनालयाचा हौशी वेबवाला