अर्ज मालकाचा, पुरावा कामगाराचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनबरोबरच्या व्यापार करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या, तेव्हापासून व्हिस्की किती स्वस्त होणार आणि कोल्हापुरी चपलेला किती मागणी येणार यावर भरपूर वाचायला मिळालं. परदेशी मालापुढे इथला एखादा कारखाना टिकला नाही, तर त्यातल्या कामगाराचं काय, हा प्रश्न मात्र माझ्या तरी वाचनात आला नाही.

कारखानदारासाठी वाट आखलेली आहे. बाहेरचा माल पडेल भावात यायला लागला की देशी उत्पादक दिल्लीत व्यापार उपाय महासंचालनालयाकडे अर्ज करतात. चौकशी होते, नुकसान सिद्ध झालं तर त्या आयात मालावर अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे जादा आयात कर लागतो, सहसा पाच वर्षांसाठी. नुकसान कशावरून ठरवायचं, त्याची यादी १९९५ च्या नियमांत दिली आहे. विक्री, नफा, पडून राहिलेला माल यांच्याबरोबर तिच्यात रोजगार आणि वेतनही आहे. म्हणजे माणसं घरी बसली हा मालकाच्या अर्जाला जोडलेला पुरावा! पुढे शुल्क लागतं, भाव सावरतो, शुल्काची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. ज्याची नोकरी दाखवून हे सगळं मिळवलं, त्याला त्यातला रुपयाही दिसत नाही.

अमेरिकेने यावर १९६२ मध्ये, केनेडी अध्यक्ष असताना, कायद्यातच सोय केली. करार करून आयात खुली करायची असेल तर तिची झळ बसणाऱ्या कामगाराला सरकारने सावरायचं. कल्पना चांगली, पण अट अशी घातली की सरकारने करारात दिलेल्या आयात शुल्काच्या सवलतीमुळेच आयात वाढली आणि नोकरी जाण्याचं मुख्य कारण तीच, हे दाखवून द्या. १९६९ पर्यंत एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही. १९७४ मध्ये अट सैल केली: आयातीचा नोकरी जाण्यात महत्त्वाचा वाटा असला तरी पुरे. तीन कामगारांनी मिळून सह्या केल्या तरी अर्ज चालायचा, मालकाच्या होकाराची गरज नव्हती. मंजुरी मिळाली की बेकारी भत्ता संपल्यावरही प्रशिक्षण घेत असताना पैसे मिळत. पुढे पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक सोय आली. नवी नोकरी कमी पगाराची असेल तर तुटीची निम्मी रक्कम सरकार देई, दोन वर्षांत जास्तीत जास्त १०,००० डॉलर. बावन्न वर्षांच्या फिटरला संगणकाच्या वर्गात बसवण्यापेक्षा हे मला कितीतरी शहाणपणाचं वाटतं.

तिथेही सगळं गोड नव्हतं. कामगार संघटना या मदतीला 'दफनाचा विमा' म्हणत, आणि १ जुलै २०२२ पासून मुदतवाढ न मिळाल्याने नवे अर्ज मंजूर करणंही थांबलं आहे. पण ती साठ वर्षं कायद्यात तरी होती.

आपल्याकडे, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं उदाहरण घ्या. १९५४ चा हा सरकारी कारखाना, पेनिसिलिनसाठी देशभर नाव. नव्वदीच्या दशकात आयात खुली झाली आणि चीनच्या स्वस्त पेनिसिलिनपुढे देशातले उत्पादक एकेक करून गारद झाले. पिंपरीच्या दुखण्याला औषधांच्या किमतींवरचं नियंत्रण आणि कारभाराच्या चुकाही कारण होत्या, हे मान्य. म्हणूनच १९६२ ची अमेरिकी अट इथे लावली असती तर तिथलाही अर्ज फेटाळला गेला असता. या कामगारांच्या वाट्याला आली स्वेच्छानिवृत्ती आणि थकलेल्या पगाराची वाट पाहणं. २०२० मध्ये चीनवरचं अवलंबित्व सरकारला खुपू लागलं, तेव्हा औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली. काकीनाड्यात पेनिसिलिन-जी पुन्हा बनू लागलं. ते व्हायलाच हवं होतं. पण हाही पैसा उत्पादकांनाच, विक्रीच्या प्रमाणात.

'कामगारांसाठी ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, योजना आहेत की,' असं कुणी म्हणेल. आहेत. अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत पगाराच्या निम्मी रक्कम मिळते, जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत मुदत मोठी आहे, दोन वर्षांपर्यंत. मात्र दोन्हींसाठी आधी ईएसआयच्या पटावर नाव हवं, पगार २१,००० रुपयांच्या आत हवा, कारखान्यात दहा तरी माणसं हवीत. भोसरीच्या गाळ्यांत सहा-सात जणांवर चालणारी वर्कशॉपं किती आहेत ते एकदा फिरून पाहावं. मोठ्या कंपनीची ऑर्डर आयातीकडे वळली की आधी हेच गाळे बंद होतात. नव्या औद्योगिक संबंध संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, कपात झालेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकण्यासाठी मालकाने पंधरा दिवसांचा पगार द्यायचा आहे. पंधरा दिवसांच्या पगारात कुठलं कौशल्य येतं, ते संहिता लिहिणाऱ्यांनीच सांगावं.

शुल्क वाढवत राहा, असं माझं म्हणणं नाही. एकाचा पक्का माल हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो, आणि शुल्काने त्या दुसऱ्याकडचा कामगार घरी बसू शकतो. म्हणूनच मदत थेट माणसाला हवी. अँटी-डंपिंग शुल्काच्या वसुलीतला ठरावीक हिस्सा वेगळ्या निधीत टाकावा. चौकशीत एखाद्या उद्योगाचं नुकसान मान्य झालं की त्या उद्योगातून बाहेर पडलेल्या कामगारांना वेगळा पुरावा न मागता त्या निधीतून मदत मिळावी, ईएसआय नसलेल्यांनाही. संघटना असो वा नसो, काही कामगारांनी मिळून सह्या केल्या तर महासंचालनालयाने तो अर्ज घ्यावा. हे नियमांत बसवता येईल का, हे आपल्या जिल्ह्यातल्या खासदारांनी संसदेच्या पुढच्या अधिवेशनात वाणिज्यमंत्र्यांना विचारावं आणि मिळालेलं उत्तर आपण छापावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कामगार
चिंचवड, पुणे