लग्नाच्या कॅसेटची नुसती डीव्हीडी करून घेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरच्या व्हिडिओ कॅसेट एकतर भंगारात जातात नाहीतर स्टुडिओत, आणि स्टुडिओवाला त्याची डीव्हीडी करून देतो. लोक खूश. पण आता डीव्हीडी लावायची कुठे ते सांगा, नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच येत नाही, टीव्हीखालचा प्लेअर केव्हाच बंद पडलाय. म्हणजे पैसे देऊन आपण एका अडगळीची दुसरी अडगळ करून आणतो.

आमच्याकडच्या ९० च्या दशकातल्या एका लग्नाच्या कॅसेटचं असंच झालं. दुकानदाराने (नाव नको) डीव्हीडीला फुलाफुलांचा मेनू केला, चौकोनी चित्र ताणून रुंद टीव्हीभर पसरवलं त्यामुळे नवरा-नवरी दोघंही गोलमटोल दिसायला लागले, आणि वर कहर म्हणजे कॅसेटमध्ये खरखर होती म्हणून मूळ आवाज काढून सिनेमाची गाणी टाकली. मंगलाष्टकं गेली, आत्याने चारचौघांत लाजत लाजत घेतलेला उखाणा गेला, नुसते ओठ हलताना दिसतात. खरखर चालली असती हो. नशीब कॅसेट परत मागून घेतली होती, त्यामुळे दुसरीकडून परत करून घेता आलं.

म्हणून सांगतो, दुकानात जाताना नुसतं 'कन्व्हर्ट करून द्या' म्हणू नका. एमपी४ फाइल मागा, आत व्हिडिओ एच.२६४ आणि आवाज एएसी (चित्र आणि आवाज दाबून साठवायच्या या पद्धती). ही जोडी विंडोज, मॅक, मोबाइल, टीव्हीचा यूएसबी, जवळपास सगळीकडे चालते. एमपी४ हा नुसता डबा आहे, आत काय भरलंय त्यावर चालणार की नाही ते ठरतं, त्यामुळे फाइलच्या नावाची शेपटी बदलून व्हीओबीचं (डीव्हीडीवरच्या व्हिडिओ फाइलचं) एमपी४ केलं म्हणजे कन्व्हर्ट झालं असं नाही (हे करणारे लोक मी पाहिलेत). २०१७ नंतरच्या आयफोनचे व्हिडिओ बऱ्याच विंडोज कॉम्प्युटरवर अडतात तेही याचमुळे, आत एच.२६४ ऐवजी एचईव्हीसी ही नवी पद्धत असते. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की पुढचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये येतात.

डीव्हीडी आधीच करून ठेवली असेल तर कुणा नातेवाइकाकडे बाहेरून लावायचा ड्राइव्ह असतोच, तो आणा, डिस्कवरचा व्हिडिओ_टीएस नावाचा अख्खा फोल्डर कॉपी करा आणि हँडब्रेकमध्ये उघडा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आत एकेक जीबीचे तुकडे दिसतात, ते सुटे सुटे बदलत बसू नका, फोल्डर उघडला की सलग एकच एमपी४ होते. प्रीसेट (तयार सेटिंग) ५७६पी२५ चा घ्या कारण आपल्याकडचा पाल (जुन्या टीव्हीची पद्धत) व्हिडिओ ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेमचाच असतो, त्याला फुल एचडी करून नुसती फाइल फुगते, चेहरे काही स्पष्ट होत नाहीत. हलत्या हातांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर डीइंटरलेस (त्या रेघा काढणारं सेटिंग) चालू करा. तासाला साधारण एक जीबी धरून चाला. जुन्या व्हीसीडीच्या डॅट फाइलही नुसत्या बघायच्या असतील तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये चालतात. छोट्या डिस्कवर शूटिंग करणारे कॅमेरे मधे आले होते, त्यांची डिस्क कॉम्प्युटरवर रिकामी दिसली तर फेकू नका, ती त्याच कॅमेऱ्यात फायनलाइझ (दुसरीकडे वाचता येईल अशी पक्की) करायची राहिलेली असू शकते.

ऑनलाइन कन्व्हर्टरच्या वेबसाइटवर मात्र घरचे व्हिडिओ चढवू नका, आपल्या घरातल्या बारशाचा व्हिडिओ कुणा अनोळखी सर्व्हरवर कशाला? आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून बारीक करतं आणि गावाकडच्या भावाला तीच धुरकट कॉपी मिळते.

आमच्या कोकणातल्या लोकांना एक वेगळं सांगायचंय. पावसाळी दमटपणाने टेपवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, टेप वाचणारं हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. आधी साफ करून देणारा माणूस शोधा. घाईही करायला हवी, कारण व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं, आता जे आहेत ते जुने दुरुस्त करून चालवलेले, आणि ते दुरुस्त करणारेही म्हातारे झालेत.

तालुक्याच्या वाचनालयांना एक सुचवावंसं वाटतं. एक चालू व्हीसीआर, एक कॅप्चर कार्ड (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं) आणि एक साधा कॉम्प्युटर ठेवला, माफक फी घेतली, तरी गावातल्या कितीतरी कॅसेट निघतील, त्यात घरची लग्नंच नाहीत तर गणेशोत्सवातली नाटकं, भजनं, शाळेची गॅदरिंग पण आहेत. कुठल्या वाचनालयाने हे आधीच सुरू केलं असेल तर आपल्या पेपरातून जरूर कळवावं, आमच्याकडे पिशवी भरून तयार आहे.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी