लाईट जाऊन आली की कॅमेरा स्वतःचा पत्ता बदलतो, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागाचे मुख्य साहेब,

विषय : लाईट गेली की कॅमेरे ऑफलाईन जातात, त्यांचा आयपी (म्हणजे नेटवर्कमधला पत्ता) कुठंच सापडत नाही आणि तुमची माणसं दरवेळी तक्रार "सोडवली" म्हणून बंद करतात त्याबद्दल.

साहेब नमस्कार,

मी वसमत तालुक्यातला हळदीचा शेतकरी. तुमच्या कंपनीचे दोन कॅमेरे घेतलेत, एक खळ्यावर खांबाला, एक गोडाऊनच्या दारावर. दोन्ही वायरवाले, वायफायचे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढं याच्यावरून लई डोकं खाल्लंय तुमच्या लोकांनी. हळद काढली, कुकरमधी शिजवली की पंधरा-पंधरा दिवस उघड्यावर वाळत पडलेली असती, पॉलिश होऊन कट्टे भरून मार्केटला जाईस्तोर रात्री कुणीतरी जागावं लागतं. आमच्या म्हाताऱ्याला या वयात बाजेवर राखण करायला लावायचं नव्हतं म्हणून कॅमेरे घेतले, बाकी हौस म्हणून काही नाही.

त्रास असा हाय की लाईट जाऊन आली की कॅमेरा ॲपमधी "ऑफलाईन" दिसतो. आणि आमच्याकडं लाईट किती येळा जाती ते तुम्हाला पुण्या-मुंबईत बसून कळणार नाही. कॅमेऱ्याची लाल बत्ती चालू, रात्रीचे इन्फ्रारेडचे दिवे चालू, लॅनच्या वायरी जिथं जोडतेत त्या नेटवर्क स्विचवर हिरवी बत्ती लुकलुक करायली, म्हणजे वायर पण चांगली, तरी ॲपमधी ऑफलाईन. राऊटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या डिव्हाईसची यादी बघितली तर तिच्यात मोबाईल दिसतेत, टीव्ही दिसतो, कॅमेरे दोन्ही गायब. मग कुणीतरी शिडी लावून खांबावर चढायचं, ॲडॅप्टर काढायचा, परत लावायचा, की आला ऑनलाईन. एप्रिलच्या उन्हात लोखंडी खांबाला हात लावून बघा एकदा.

तुमच्या हेल्पलाईनला फोन केला तर पहिल्यांदी हिंदीत म्हणे ५ गीगाहर्ट्झचं वायफाय बंद करा, २.४ वर जोडा. मी म्हणलं बाई कॅमेरा वायरवर हाय. म्हणे तरी एकदा करून बघा. दुसऱ्यानं सांगितलं वायर लांब असंल. अहो लॅनची वायर १०० मीटरपर्यंत चालती, आमची साठ पण भरत नाही, आणि वायर लांब असती तर ॲडॅप्टर काढून लावल्यावर कशी काय आखडली असती? तिसरा म्हणला नेटवाल्याला सांगून पोर्ट फॉरवर्ड करून घ्या, म्हणजे बाहेरगावाहून कॅमेरा बघायची सोय. ते घरी बसून घरचाच कॅमेरा दिसंना तिथं काय कामाचं! एकानं तर ॲडमिनचा पासवर्डच मागितला फोनवर, तो मी काय दिला नाही. मी सगळ्यांना एकच साधा प्रश्न विचारायलोय की बाबांनो या कॅमेऱ्याचा कंपनीतून येताना आयपी काय असतो तेवढा सांगा. एकालाही माहीत नाही. खोक्यावर नाही, पुस्तकात नाही, पुस्तकात नुसता क्यूआर कोड स्कॅन करायचं चित्र हाय आणि सतरा भाषांत "अभिनंदन". खोक्यावर सिरीयल नंबर हाय पण मॅक आयडी (प्रत्येक मशीनचा वेगळा असा नेटवर्कचा ओळख नंबर) नाही, तो फक्त कॅमेऱ्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर, ते पण उन्हानं फिकं पडलेलं.

नांदेडहून तुमचा टेक्निशियन आला, व्हिजिट चार्ज घेतला, फॅक्टरी रिसेट मारला, ॲपमधी चित्र आलं, माझी ओटीपी घेतली आणि गेला. मी म्हणलं थांबा, मेन स्विच पाडून दाखवतो म्हणजे खरा प्रॉब्लेम कळंल, तर म्हणे पुढचा कॉल हाय. त्याच रात्री लाईट गेली आणि परत जैसे थे. मोबाईलवर मात्र मेसेज, आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. कुणाचं समाधान झालं ते तरी कळवायचं.

याच्यात माझं खरं नुकसान कुठं झालं ते सांगतो. एका रात्री खळ्यावरून भरलेले कट्टे गेले. कॅमेरा ऑफलाईन होता तरी आतल्या मेमरी कार्डावर रेकॉर्डिंग चालूच होतं, त्यात दोघं जण मोटारसायकलवर कट्टा ठेवताना चांगले दिसतेत. आनंदानं ठाण्यात घेऊन गेलो. कोपऱ्यात तारीख काय, तर १ जानेवारी १९७० आणि टाईम पहाटेचे साडेपाच. ठाण्यातले साहेब म्हणले, हे चोर तुमच्या जन्माच्या आधीचे दिसतेत. हसण्यावारी गेलं, पण तारीख-टाईम नसलेल्या व्हिडिओला पुरावा म्हणून काय किंमत राहती? भाच्यानं नंतर सांगितलं की या कॅमेऱ्यात घड्याळाचा सेल नाही, लाईट आली की तो टाईम इंटरनेटवरून विचारून घेतो, आणि नेट नाही मिळालं तर कॉम्प्युटरची मोजणी जिथून सुरू होती त्या १९७० च्या पहिल्या तारखेवर जाऊन बसतो. साडेपाच याच्यासाठी की आपला टाईम ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढं हाय. म्हणजे टाईम झोन बरोबर लक्षात ठेवतंय येडं, नुसतं साल विसरतंय.

हा भाचा लातूरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकतोय, सुट्टीत आला होता. जे काम तुमच्या पगारी माणसांनी करायला पायजे होतं ते त्यानं ओसरीत बसून केलं, म्हणून सविस्तर लिहितो, तुमच्या इंजिनिअरला दाखवा.

त्यानं खळ्यावरचा कॅमेरा खाली काढला आणि लॅनची वायर थेट लॅपटॉपला लावली, मधी राऊटर नाही काही नाही. लॅपटॉपमधी वायरशार्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर हाय, वायरवरून काय जातंय-येतंय ते ओळी-ओळीनं दिसतं. मग कॅमेऱ्याला लाईट दिली. आधी थोडा वेळ शांत, मग ओळी यायला लागल्या, पाठवणारा ०.०.०.० आणि कुणाला तर २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे कॅमेरा सगळ्यांना ओरडून विचारायलाय की मला आयपी कोण देतं का. अशा तीन-चार ओळी. पलीकडून उत्तर द्यायला कुणीच नाही. मग कॅमेरा गप्प झाला, आणि थोड्या वेळानं नवीन ओळ आली, १९२.१६८.१.१० विचारायलाय की १९२.१६८.१.१ कुठं हाय. हे १.१० म्हणजे तुमचा कॅमेरा, पाठवणाऱ्याचा मॅक आयडी स्टिकरवरच्या बारा आकड्या-अक्षरांशी टॉर्च मारून ताडून बघितला, तोच. तुमच्या अख्ख्या हेल्पलाईनला जो आयपी सांगता आला नाही तो असा सापडला. आणि त्याच्यानंतर आम्ही चहा घेतला, जेवण केलं, लॅपटॉप तसाच चालू, पण कॅमेऱ्यानं पुन्हा एकदाही आयपी मागितला नाही. धरून बसला तो १.१० च.

आता खरी भानगड ध्यानात घ्या. आमचा राऊटर १९२.१६८.२९.१ हाय, तो घरात सगळ्यांना २९ च्या ओळीतले पत्ते देतो. लाईट आली की राऊटर आणि कॅमेरा दोन्ही एकदाच चालू होतेत. तुमचा कॅमेरा लवकर जागा होतो आणि राऊटर फायबरची लाईन धरून पुरता चालू व्हायला वेळ लावतो. कॅमेरा तीन-चार हाका मारतो, तवा राऊटर झोपेतच असतो, म्हणून कॅमेरा फॅक्टरीतला पत्ता लावून बसतो. राऊटर नंतर उठला तरी याला काही घेणं नाही. कॅमेरा १ च्या ओळीत, बाकी घर २९ च्या ओळीत, पहिले तीन आकडे जुळल्याशिवाय एकमेकांशी बोलता येत नाही, इंटरनेटचा रस्ता पण त्याला सापडत नाही, म्हणून ऑफलाईन, म्हणूनच १९७०. त्यातून दोन्ही कॅमेऱ्यांना कंपनीतून तोच १.१० दिलेला, म्हणजे एकाच सातबाऱ्यावर दोघांनी मालकी सांगावी तसं, लॅपटॉपला हातानं १९२.१६८.१.५० पत्ता देऊन बघितलं तरी कधी एक उत्तर देतो कधी दुसरा. एकाची वायर स्विचमधून काढली तवा कुठं दुसरा नीट उघडला.

खात्री करायला आम्ही मेन स्विच पाडून बघितला. सगळं एकदम चालू केलं, कॅमेरा १.१० वर. राऊटर आधी पूर्ण चालू होऊ दिला आणि मग कॅमेऱ्याला लाईट दिली, कॅमेरा बरोबर २९ च्या ओळीत, ॲपमधी ऑनलाईन, तारीख पण आजची. असं हवं तितक्या येळा करून दाखवतो, माणूस पाठवा. घरातला मोबाईल, टीव्ही, तीच लाईट, तोच राऊटर, त्यांना असं होत नाही कारण त्यांना पत्ता मिळाला नाही तर ते परत परत मागत राहतेत. तुमचाच कॅमेरा मागायचं सोडून देतो. ही चूक राऊटरची नाही, नेटवाल्याची नाही, तुमच्या सॉफ्टवेअरची हाय.

मग इलाज म्हणून कॅमेऱ्यातच २९ च्या ओळीतला कायमचा पत्ता टाकायचा ठरवलं. ॲपमधी ती सोय नाहीच. १९२.१६८.१.१० ब्राऊझरमधी टाकल्यावर कॅमेऱ्याचं पान उघडतं, पण नेटवर्कच्या मेनूला गेलं की म्हणतं प्लगइन टाका, इंटरनेट एक्सप्लोअरर वापरा. जे इंटरनेट एक्सप्लोअरर मायक्रोसॉफ्टनं जून २०२२ मधी बंद केलं ते तुम्ही शेतकऱ्याला आज वापरायला सांगायलाव! भाच्यानं मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राऊझरमधी त्याचा जुना मोड चालू करून कसंबसं पान उघडलं आणि पत्ता, आणि त्याच्यासोबत लागणारे आकडे म्हणजे मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे, डीएनएस सगळं हातानं भरलं. राऊटर ज्या नंबरातून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा नंबर घेतला म्हणजे दुसऱ्या कुणाशी टक्कर नको. तवापासून खळ्यावरचा कॅमेरा कितीबी लाईट जाऊ द्या, राऊटर चालू झाला की आपोआप येतो. शिडी बंद.

गोडाऊनचा मात्र तसाच हाय, आणि तो तुमच्यामुळंच अडकलाय. तुमच्याच हेल्पलाईननं सांगितलं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मारा म्हणजे प्रॉब्लेम जाईल. मारला. प्रॉब्लेम तसाच, उलट ब्राऊझरचं पानच बंद झालं, पिंग केलं (लॅपटॉपवरून हाक मारून बघितली) तर उत्तर देतो पण पान उघडत नाही. विचारलं तर म्हणे सरकारचे कॅमेऱ्याच्या सिक्युरिटीचे नवीन नियम आलेत म्हणून बंद केलं. एप्रिल २०२५ पासून टेस्टिंग लागू झालंय हे मलाही माहीत हाय आणि चांगलंच हाय, माझ्या घराचं चित्र कुणी परक्यानं बघावं असं मलाही वाटत नाही. पण पान बंद करायचं होतं तर पत्ता टाकायची सोय ॲपमधी द्यायची ना आधी! दार बुजवलं आणि खिडकी पण ठेवली नाही.

आणि राऊटरला छोटा यूपीएस लावा हा सल्ला कृपा करून परत देऊ नका. लावलाय, माझ्या पैशानं. लाईट तास-दोन तास गेली तर उपयोग होतो, अवकाळीत तार तुटली आणि रातभर लाईट नसली की यूपीएस पण झोपतो आणि सकाळी परत तेच रामायण.

तर माझं म्हणणं एवढंच हाय. गोडाऊनच्या कॅमेऱ्याला असं फर्मवेअर द्या की पत्ता नाही मिळाला तर तो मागत राहील, नाहीतर ॲपमधी कायमचा पत्ता टाकता आला पायजे, आणि दोन्ही जमत नसंल तर कॅमेरा बदलून द्या, वॉरंटी अजून चालू हाय. टेक्निशियनचा व्हिजिट चार्ज परत करा कारण काम झालेलं नाही. खोक्यावर आणि पुस्तकात फॅक्टरीचा आयपी आणि मॅक आयडी छापा, मराठीत एक पान लिहा की कॅमेरा राऊटरच्या यादीत नाही दिसला तर काय करायचं, आणि हेल्पलाईनच्या पोरांना ते पान वाचायला लावा. चोरीला गेलेल्या हळदीची भरपाई तुमच्याकडं मागत नाही, पण तारखेचं सांगतो, कॅमेऱ्यात एक बारका सेल टाकायला किती खर्च येतो ओ?

पंधरा दिवसांत लेखी उत्तर पायजे, मेसेज नको. नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला नोंद करतो आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली हिंगोलीच्या जिल्हा आयोगात जातो. पाच लाखापर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही हे विचारून ठेवलंय.

सोबत बिलाची झेरॉक्स, दोन्ही स्टिकरचे फोटो, वायरशार्कचे स्क्रीनशॉट आणि १९७० च्या चोरीची क्लिप पेन ड्राईव्हमधी जोडली हाय. फोन करायचा तर संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा शेतात रेंज नसती.

आपला ग्राहक,
एक हळद उत्पादक, ता. वसमत, जि. हिंगोली